वरात नसलेलं वर्ष

२५ मार्च २०२० ला, ऐन पाडव्याला, देशभर लॉकडाऊन लागला. मी पुण्याहून कोपरगावजवळच्या आमच्या वस्तीवर आले होते. काकांच्या दोन घोड्या वरातीत नाचायच्या. त्या लग्नसराईत त्या ठाणावरच राहिल्या. कमाई बंद, पण घास आणि हरभरा रोज हवाच. पहाटे लीद काढायची, खरारा करायचा, मग लॅपटॉप उघडायचा, असा माझा दिवस.

पावसाळ्यात काकांनी एक घोडी विकायला काढली. मी म्हणाले, "काका, खुराकाचे पैसे मी देते." ते म्हणाले, "पैशाचं बघू, पोरी. आधी रोज फिरव तिला. बांधून राहिली तर पाय सुजतील."

मी फिरवलं. घोडी राहिली.

शाळेसाठी वर्गणी आपण देऊच. पण अधूनमधून इथे येतही राहू.