पाणीवाली बाई महापालिकेत



मृणाल गोरे म्हटलं की बहुतेकांना १९७७ ची घोषणा आठवते : ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!’ इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या, मृणालताई उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या, तेव्हाची. घोषणा झकास, वाद नाही. पण पाणीवाली बाई घडली ती गोरेगावात, आणि आज मला बोलायचंय ते त्या दिवसांबद्दल.

जन्म १९२८ चा, माहेरच्या मोहिले. डॉक्टरकी शिकता शिकता राष्ट्र सेवा दलाचं काम लागलं, शिक्षण सुटलं ते सुटलंच. समाजवादी कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न झालं, तेही जात ओलांडून. गोरेगाव तेव्हा मुंबईच्या हद्दीबाहेर होतं. कारभाराचे पहिले धडे ताईंनी गिरवले ते तिथल्या ग्रामपंचायतीत. १९५७ मध्ये गोरेगाव महापालिकेत आलं आणि पुढच्याच वर्षी बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी. १९६१ मध्ये ताई नगरसेविका झाल्या.

महापालिकेत आल्या म्हणजे रस्ते, गटारं, नळ, कचरा यांच्यात आल्या. पुढारी ज्याला किरकोळ समजतात, ते हे काम. उपनगरं भराभर वाढत होती, पाणी मात्र त्या चालीनं येत नव्हतं. रांगेत हंडा लावून रात्र जागायची बाईनं, आणि पाण्याचे निर्णय घेणाऱ्या सभागृहात बहुतेक सगळे पुरुष! झोपडपट्टीची अडचण आणखी वेगळी. वस्तीच अनधिकृत, मग तिला नळ द्यायचा कोणत्या नियमानं? ताईंचं म्हणणं साधं होतं : माणूस तिथं राहतोय ना, मग तहान लागणारच. त्या सभागृहात भांडायच्या, आणि तिथं भागलं नाही तर बायकांचा मोर्चा घेऊन दारात उभ्या राहायच्या. मोर्चे पुष्कळांनी काढले. मोर्चामागचा प्रश्न कागदोपत्री पक्का करून आत लढणारे थोडे. ताईंचं मोठेपण मला तिथं दिसतं.

१९७२ मध्ये महागाईविरोधात ताईंनी कम्युनिस्ट नेत्या अहिल्याताई रांगणेकरांसह लाटणं मोर्चे काढले, तेव्हा थाळ्या बडवत रस्त्यावर आलेल्या कित्येक जणी याआधी कधी सभेलाही गेल्या नव्हत्या. त्याच साली ताई विधानसभेत गेल्या. मग आणीबाणी, तुरुंग, दिल्ली. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी मंत्रिपद देऊ केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

पुन्हा आमदार झाल्यावर त्यांनी गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध विधेयक मांडलं. १९८८ मध्ये महाराष्ट्रानं तसा कायदा केला, देशात पहिला. आणि नागरी निवारा परिषद! कमाल जमीन धारणा कायद्याखालची अतिरिक्त जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळावी, म्हणून या परिषदेतर्फे त्या सरकारदरबारी आणि कोर्टात वर्षानुवर्षं झगडल्या. जमीन मिळाली. गोरेगावच्या दिंडोशीत हजारो कुटुंबांची वसाहत उभी राहिली, आणि तिथल्या घरांत नळ आहेत.