ओठांवरचे वतन
(भाषणाचा मजकूर)



माणसाला घरादारातून हाकलून देता येते. त्याच्या ओठांवरचे गाणे मात्र कोणत्याही राजाला जप्त करता येत नाही. इतिहासातील एक दाखला आपल्यापुढे ठेवतो.

१४९२ साली स्पेनचा राजा फर्डिनंड आणि राणी इसाबेला यांनी फर्मान काढले की, ज्यूंनी ख्रिस्ती व्हावे, नाही तर देश सोडावा. हजारो कुटुंबे निघाली. पुष्कळांना उस्मानी सुलतान दुसरा बायझीद याने आसरा दिला. सालोनिका, इस्तंबूल, इझमीर येथे त्यांनी नवे संसार थाटले. सोने-नाणे नेण्यास मनाई होती. भाषा मात्र बरोबर आली. हीच ज्यू-स्पॅनिश किंवा लादिनो. ती हिब्रू लिपीत लिहीत आणि तिच्यात तुर्की शब्दही मिसळत गेले.

ही भाषा सांभाळली कोणी? मुख्यतः बायकांनी. पाळण्यापाशी, लग्नघरी, घरकाम करताना त्या ‘रोमान्सा’ म्हणजे जुनी कथागीते गात. शब्द स्पेनचे आणि कित्येक चाली तुर्की मकामाच्या, असा तो सुरेख संगम होता.

पुढे काळ बदलला. १८६० साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या एका ज्यू संस्थेने ठिकठिकाणी फ्रेंच शाळा काढल्या. मुलांना ज्ञान मिळाले, रोजगार मिळाला. पण घरच्या बोलीला ती कमी लेखू लागली. त्यानंतर १९४३ मध्ये नाझींनी सालोनिकातील चाळीस हजारांहून अधिक ज्यूंना आउशवित्झच्या छळछावणीत धाडले. गाणारी घरेच्या घरे नाहीशी झाली.

तरीही गाणे उरले. इसाक लेवी यांनी ही गीते लोकांकडून ऐकून १९५९ ते १९७३ या काळात स्वरलिपीसह चार खंडांत छापली. साराजेव्होत जन्मलेल्या फ्लोरी जागोडा (१९२३–२०२१) यांनी आजीकडून शिकलेली गाणी अमेरिकेत नेली, शिष्यांना शिकविली आणि नवीही रचली. त्यांचे ‘ओचो कांदेलिकास’ हे गीत तर इतके रुळले की, पुष्कळांना ते परंपरागतच वाटते. जिवंत वारसा म्हणतात तो हाच. आज ही भाषा युनेस्कोच्या मते धोक्यात आहे. पण गाणी अजून नव्या गळ्यांतून ऐकू येतात.

मित्रहो, शाळा हवीच. शाळेवाचून समाजाला गती नाही. परंतु शाळेने नवी भाषा देताना आजीच्या भाषेची लाज मुलाच्या मनात पेरू नये. ग्रंथ गाणे जपून ठेवतो. जगवतो तो गळाच. म्हणून विद्यार्थ्यांना एवढाच गृहपाठ देतो: आज घरी आजीला एक गाणे म्हणायला सांगा. ते वहीत उतरवून घ्या आणि मग वही मिटून स्वतः म्हणा.