बुरुडराजाचा कोट



पालघर जिल्ह्यातले नालासोपारा आज दाट वस्तीचे शहर आहे. तिथे एके काळी दूरदेशीची गलबते लागत, असे सांगितले तर मुलांना खरे वाटणार नाही. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात या बंदराचे नाव आहे. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने कोरविलेल्या लेखात 'शोर्पारग' येथे बांधलेल्या धर्मशाळांचा उल्लेख आहे. कार्ल्याच्या चैत्यातला एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भिक्षूने दिलेला आहे. घाटावरचा माल नाणेघाटातून उतरून कल्याण-सोपाऱ्याकडे जाई.

पुढे खाडी गाळाने भरत गेली. बंदर गेले, नाव तेवढे उरले.

या गावाबाहेर एक उंचवटा होता. लोक त्याला म्हणत 'बुरुडराजाचा कोट'. राजा कोण, कोट कसला, कुणी विचारले नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यापाशी तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी मात्र विचारले. 1882 च्या एप्रिलमध्ये त्यांनी तिथे खणले. कोट कसला, तो तर विटांचा बौद्ध स्तूप! आत दगडी करंडा निघाला. त्यात तांब्याचा डबा आणि भोवती कांस्याच्या आठ मूर्ती. तांब्याच्या डब्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि अगदी आत सोन्याचा. सोन्याच्या डबीत काय होते? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून भाविकांनी ते जिवापाड जपले होते. सोबत यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणेही मिळाले. त्यावरून काळाचा अंदाज बांधता आला.

त्याच वर्षी भाटेळे तळ्याजवळ एक फुटका शिलाखंड सापडला. त्यावर अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग होता. शिकारीच्या सहली सोडून आपण धर्मयात्रेला निघालो, असे राजा त्या लेखात सांगतो. नवव्या लेखाचा तुकडा 1956 साली जवळच्या भुईगावात मिळाला.

गुरुजी, आपल्याही गावात एखादे पांढरीचे टेकाड असेलच. त्याला काय म्हणतात, का म्हणतात, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून मुलांकडून वहीत उतरवून घ्या. आणि शेतकरी बंधूंनो, नांगराला अक्षरांचा दगड लागला तर तो फोडू नका, बांधाला लावू नका, घरीही नेऊ नका. जागा लक्षात ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवा. वस्तू जागची हलली, की तिची निम्मी साक्ष गेली म्हणून समजा.