बालवीरांची पदके आणि आपल्या वडीलधाऱ्यांची विद्या
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मी विद्वान वक्ता नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाचा पेशा पत्करला व निवृत्त होईपर्यंत शाळेचे बालवीर पथकही सांभाळले. त्या काळातील मनाला सलणारी एक गोष्ट आज आपणांपुढे ठेवतो.

भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था १९५० साली स्थापन झाली. तिच्या अभ्यासक्रमात पथशोधक, पायोनियर अशी प्रावीण्य पदके आहेत. त्यांची तयारी मी वर्गातच करवून घेई. नकाशा फळ्यावर आणि दोराच्या गाठी बाकाच्या पायाला! मुले उत्तीर्ण होत, पालक संतुष्ट होत, मीही धन्यता मानी.

एका पावसाळ्यात रात्री मोठी झड लागली. पथशोधक पदक मिळविलेल्या एका मुलास वडिलांनी बोडीचे सलंग पाहण्यास धाडले. अंधारात त्याला धुऱ्यांची वाट गवसेना. अखेर त्याचे वृद्ध आजोबा काठी टेकीत निघाले व पायाखालच्या धुऱ्याच्या वळणांवरून नेमके तेथे पोहोचले. परंतु तोवर कचऱ्याने सलंग तुंबून पाळ फुटली होती. चार बांध्यांतील रोवणी वाहून गेली. सकाळी आजोबा मला एवढेच म्हणाले, "गुरुजी, पोराले बिल्ला तं भेटला, पन वाट नाई भेटली."

दोष मुलाचा नव्हता. त्याला शिकविणाऱ्या माझा होता.

अमेरिकेतील बालवीर चळवळीने २०१० साली आपल्या शताब्दीनिमित्त सुतारकाम, पथशोधन, संदेशन व मागकाढणी ही चार बंद पडलेली जुनी पदके केवळ एका वर्षापुरती पुन्हा सुरू केली होती. १९११ च्या मूळ पथशोधन पदकासाठी खेड्यातील मुलाला आपल्या केंद्राभोवती दोन मैलांतील प्रत्येक पायवाट ठाऊक असावी लागे. नकाशा काढता येणे निराळे, वाट पायांना ठाऊक असणे निराळे.

बंधूंनो, आपला कोहळी समाज तलाव बांधणारा म्हणून ओळखला जातो. नवेगावबांधच्या विस्तीर्ण जलाशयाचे श्रेय लोकपरंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते. पाळ कोठे घालावी, सलंग कोणत्या बाजूस ठेवावे, तुडुमातून पाणी केव्हा व किती सोडावे, हे ज्ञान आपल्या घराघरांत होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, पुढे तलावांची व्यवस्था शासनाकडे आली, आणि मुलांचे पाय पाळीवरून फिरेनासे झाले. विद्या कोणी हिरावून नेली नाही. ती विचारणारेच उरले नाहीत.

म्हणून माझी तीन मागणी आहेत. पहिली, पथशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी आपल्या तलावाचे पाणी पाटाने कोणकोणत्या बांधीपर्यंत जाते, ते स्वतः चालून पाहावे व मगच नकाशा काढावा. दुसरी, पायोनियरच्या गाठी त्यांनी गोठ्यात, बैलगाडीवर व मांडव घालताना बांधून दाखवाव्यात. तिसरी मागणी वडीलधाऱ्यांकडे आहे. पावसाळ्यापूर्वी एक रविवार नातवंडांसाठी द्यावा व त्यांना पाळीवर न्यावे. परीक्षा नियमाप्रमाणे परीक्षकच घेतील. शिकविणारे हात मात्र आपल्या घरचे असावेत. ज्या गावी बुरूड, सुतार वा ढिवर बांधव आहेत, तेथे मुलांनी त्यांच्याही पायाशी बसावे. विद्येला जात नसते.

ज्या आजोबांनी मला ते शब्द ऐकविले, ते आज हयात नाहीत. त्यांच्या पायांना ठाऊक असलेली वाट त्यांच्याबरोबर गेली. मी त्या वेळी त्यांनाच शाळेत बोलावून घ्यावयास हवे होते. ते मला सुचले नाही. आपल्या घरी असे कोणी असतील, तर ही चूक आपण करू नये, एवढीच हात जोडून विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!