कंबर दुखते म्हणाली, तर ऐका

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपण मिठागरांच्या बांधांवरून अनवाणी पळालो. आज नायगाव पूर्वेच्या सोसायट्यांत संध्याकाळी मुलं स्केट्स बांधून फिरतात. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी ३००० मीटर रिलेत कांस्यपदकं मिळवली. त्या पुरुष संघात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही आपली मराठी मुलं होती. त्यामुळे आपल्याही मुलांची स्वप्नं वाढली, तर नवल नाही.

माझी मुलगी आर्टिस्टिक स्केटिंग करते. चौदा वर्षांची असताना म्हणाली, "आई, कंबर दुखते." मी फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांच्या कंबरा तपासते. पण स्पर्धा तोंडावर होती, दहावीचे क्रीडागुण डोक्यात होते. मी म्हणाले, "वाढीचं वय आहे, दुखणारच." दोन महिन्यांनी एमआरआय केला, तेव्हा कंबरेच्या शेवटच्या मणक्याच्या मागच्या बाजूला बारीक चीर दिसली. ती चूक माझी होती, म्हणून आज बोलते आहे.

सर आपल्याला "ताठ बसा" म्हणायचे. स्पीड स्केटिंगमध्ये नेमकं उलट असतं. गुडघे वाकवून, पाठ जवळजवळ आडवी ठेवून मुलं धावतात, आणि वळणं सगळी डावीकडेच. कंबरेचे स्नायू थकतात, दोन्ही बाजूंवर ताण सारखा येत नाही. आर्टिस्टिकमध्ये पाठ मागे वाकवणं, गिरक्या, उडीनंतरचा दणका, हे पुन्हा पुन्हा होतं. वाढत्या वयात हाड अजून पक्कं झालेलं नसतं. त्याच जागी रोज ताण आला, की चीर पडू शकते. सुरुवातीला साध्या एक्स-रेत ती दिसेलच असं नाही.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. मागे वाकताना दुखत असेल, किंवा दुखणं दोन-तीन आठवडे टिकलं, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा असेल तर लगेच न्या. लघवीवरचा ताबा सुटला तर तडक रुग्णालय गाठा.

घाबरू मात्र नका. वेळेत ओळखलं तर बहुतेक मुलं विश्रांती आणि व्यायामाने पुन्हा खेळू लागतात. पोटाचे, पाठीचे, नितंबांचे स्नायू मजबूत हवेत. मांडीच्या मागचे स्नायू मोकळे हवेत. आठवड्यातून निदान एक दिवस स्केट्सना सुट्टी हवी.

माझी मुलगी काही महिने घरी बसली. ती स्पर्धा हुकली. आता पुन्हा खेळते, आणि दुखलं तर लगेच सांगते. पण पहिल्यांदा सांगितलं, तेव्हाच मी ऐकायला हवं होतं. तुम्ही ऐका.