सोन्याच्या वर्खातला मेंदू



चित्रकार आणि वैज्ञानिक ही दोन निराळ्या वाटांची माणसे, असा सर्वसाधारण समज असतो. मेंदूच्या अभ्यासात मात्र या वाटा प्रारंभापासूनच एकमेकींना मिळालेल्या आहेत.

स्पेनमधील सान्तियागो रामोन इ काहाल यांचा जन्म १८५२ सालचा. मुलाला चित्रकार व्हायचे होते. शरीररचनाशास्त्र शिकविणाऱ्या डॉक्टर वडिलांना ते मुळीच पसंत नव्हते. अखेर वडिलांनी त्याला दफनभूमीतली हाडे दाखवून त्यांची चित्रे काढावयास लावली आणि मुलगा वैद्यकाकडे वळला. (असे वाद आपल्या घरांतही होतात, इतका शहाणा तोडगा मात्र क्वचितच निघतो.)

१८८७ साली माद्रिदमध्ये काहाल यांना इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांच्या पद्धतीने रंगविलेले मेंदूचे काप पाहावयास मिळाले. या पद्धतीत चांदीच्या क्षारामुळे असंख्य पेशींपैकी मोजक्याच काळ्या होतात. मेंदूत दाटीच अशी की, सगळ्या पेशी रंगल्या तर काळ्या डागापलीकडे काहीही दिसू नये. काहाल सूक्ष्मदर्शकातून तासन्‌तास पाहत, अनेक कापांतले बारकावे मनात एकत्र करीत आणि मग शाईने चित्र काढीत. प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र असते, हा सिद्धांत त्यांनी याच अभ्यासातून मांडला. गोल्जी यांचे मत नेमके उलट, की सारे जाळे अखंड आहे. १९०६ सालचे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले आणि त्या प्रसंगीच्या व्याख्यानातही गोल्जी यांनी काहाल यांचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला!

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी अमेरिकेत ग्रेग डन यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून मेंदूविज्ञानात डॉक्टरेट मिळविली आणि ते पूर्णवेळ चित्रकार झाले. जपानी शाईचित्रांतील झाडांच्या फांद्या आणि मज्जापेशींच्या शाखा यांतले साम्य त्यांच्या ध्यानी आले होते. कागदावरील शाईवर हवेची फुंकर घातली की ती वेडीवाकडी धावते, तिला फाटे फुटतात. हाताने ठरवून काढलेल्या रेघेला हा स्वाभाविकपणा सहसा साधत नाही.

पुढे डन आणि भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन एडवर्ड्स यांनी ‘सेल्फ रिफ्लेक्टेड’ हे भव्य चित्र साकारले. २०१६ साली ते फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये लागले. सुमारे आठ फूट बाय बारा फूट, बावीस कॅरेट सोन्याचा वर्ख, आणि मेंदूच्या एका उभ्या कापातील सुमारे पाच लाख पेशी. त्यातील रेघांवर अतिसूक्ष्म खाचा ठरावीक कोनांत कोरलेल्या आहेत. धूपछाव पैठणी हातात फिरविली की तिचा रंग पालटतो, हे आपल्या भगिनींना सांगावयास नको. तिथे ताण्या-बाण्याच्या दोन रंगांची किमया असते. इथे रंग एकच, सोन्याचा, परंतु प्रकाश सरकला की एकेक रेघ ठरलेल्या क्षणी उजळते आणि पेशीकडून पेशीकडे संदेश धावताना दिसतो.

हे चित्र खरे मानावे काय? मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. येथे त्यांचा अत्यल्प अंश आहे. काही पेशी हाताने रंगविलेल्या, तर काहींची मांडणी संगणकाने केलेली. हे छायाचित्र नव्हे, असा आक्षेप एखादा काटेकोर अभ्यासक घेईल, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. तथापि काहाल यांची चित्रेही अशी निवडूनच काढलेली होती. काय गाळता कामा नये हे विज्ञान सांगते. काय गाळल्याने उरलेले दिसू लागेल, हे चित्रकाराची नजर ओळखते. एकट्या कोणाकडूनही हे काम झाले नसते. विचार किंवा दुःख त्या सोनेरी रेघांत नेमके कोठे आहे, हे मात्र चित्र सांगत नाही. तसा दावाही करीत नाही.

त्या चित्रात मेंदूच्या मागील बाजूस दृष्टीचे केंद्र आहे. प्रकाश फिरत तेथे पोहोचला की तो भाग झळाळून उठतो. समोर उभ्या असलेल्या प्रेक्षकाच्या डोक्यातही, अगदी त्याच ठिकाणी, ते झळाळणे पाहण्याचे काम त्या वेळी चालू असते.