अग्निशामक हाही कामगारच



दरवर्षी १४ एप्रिल उजाडला म्हणजे नागपूर शहर निळ्या ध्वजांनी भरून जाते आणि दीक्षाभूमीकडे माणसांची रीघ लागते. त्याच सकाळी देशभरच्या अग्निशमन केंद्रांच्या अंगणांत मानवंदना दिली जाते आणि अग्निशमन सेवा सप्ताहाला आरंभ होतो. एक स्मरण बाबासाहेबांच्या जन्माचे, दुसरे १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत प्राणास मुकलेल्या ६६ अग्निशामकांचे. ही दोन स्मरणे एका तारखेस यावीत हा योगायोग खरा. परंतु त्या दिवशी डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि गोदीत मेलेले ते ६६ जणही अखेर मजूरच होते, याचे भान सप्ताहाच्या भाषणांत सहसा आढळत नाही. त्यांना हुतात्मे म्हटले जाते. मजुराच्या मृत्यूची चौकशी होते, नुकसानभरपाईचा दावा लागतो, मालकाला जाब विचारला जातो. हुतात्म्याला पुष्पचक्र मिळते.

व्हिक्टोरिया गोदीत त्या दिवशी काय घडले? ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्याच शेजारी कापसाच्या हजारो गाठी रचल्या होत्या. आवळून बांधलेली गाठ आतल्या आत तासन् तास धुमसत राहते आणि वरून ओतलेले पाणी तिच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, हे विदर्भातल्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात वाढलेल्या पोरालाही ठाऊक असते. जहाजावर स्फोटके असल्याची खूण म्हणून जो लाल बावटा चढवावयाचा तो चढविलेला नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. जहाज ओढून भर समुद्रात न्यावे की जागच्या जागी बुडवावे, हे ठरविण्याचा अधिकार नेमका कोणाचा, यात अधिकारी वर्गाचे दोन तास गेले. तेवढा वेळ अग्निशामक नळ्या धरून उभे होते. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. त्यांच्या शौर्यात उणेपणा नव्हता आणि कौशल्यातही नव्हता. त्यांच्या मरणाची तयारी बंब पोचण्यापूर्वीच इतरांच्या कागदपत्रांत आणि इतरांच्या अनिश्चयात पुरी झाली होती.

ही जुनी, परक्या राजवटीतली कथा म्हणून बाजूस सारता आली असती. पण ३१ मे २०१६ च्या पहाटे नागपूरहून शंभरएक किलोमीटरवरील पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडारात एका कोठाराला आग लागली आणि किमान १६ माणसे गेली. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते आणि भांडाराच्या स्वतःच्या अग्निशामक दलातील कर्मचारी मोठ्या संख्येने होते. चौकशीविषयी पुढे ज्या बातम्या प्रसिद्ध झाल्या त्यांत सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरणाऱ्या स्फोटकाकडे बोट दाखविलेले होते. म्हणजे दोष मालाच्या निर्मितीत आणि साठवणुकीत, आणि आगीसमोर उभा फायरमन. त्याच पुलगावात २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन सहा जण ठार झाले. त्यांत बहुतेक कंत्राटी मजूर होते. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटके कारखान्यात नऊ आणि जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या जवाहरनगर आयुधनिर्माणीत आठ कामगार मारले गेले. नागपूरच्या भोवती असा हा पट्टा आहे, आणि यातील कोणत्याही फाटकावर पहिली वर्दी जाते ती अग्निशामकाला.

मिहान या पट्ट्याच्या मध्यावर उभे आहे. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांची शेते घेऊन चार हजारांहून अधिक हेक्टरांचा हा प्रकल्प महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीमार्फत उभारला गेला. ही कंपनी २००२ साली स्थापन झाली. आज तेथे विमानांच्या देखभाल-दुरुस्तीची अवाढव्य आवारे आहेत, औषधांचे आणि खाद्यपदार्थांचे कारखाने आहेत, माहिती तंत्रज्ञानाच्या काचबंद इमारती आहेत, एम्ससारखे मोठे रुग्णालय आहे आणि शेजारी मालवाहतुकीचा तळ. यांतील प्रत्येक ठिकाणची आग निराळी. विमानाच्या टाकीतील इंधनाला फेस लागतो, शीतगृहातून गळणाऱ्या अमोनियासाठी अंगभर विषरोधक पोशाख लागतो, पेटलेली लिथियमची बॅटरी विझल्यासारखी दिसून पुन्हा पेट घेते, आणि औषधनिर्मितीतल्या द्रावकांची वाफ डोळ्यांना दिसतही नाही. ‘आग लागली’ एवढी वर्दी पुरेशी असण्याचे दिवस मिहानसारख्या ठिकाणी राहिलेले नाहीत.

आणि काचबंद इमारतींचे काय? ८ मार्च २०२१ रोजी कोलकात्यात स्ट्रँड रोडवरील पूर्व रेल्वेच्या बहुमजली कार्यालयास आग लागली. नऊ जण गेले, त्यांत चार अग्निशामक होते. ते उद्वाहनातून वर गेले होते. आगीच्या वेळी उद्वाहन वापरू नये ही सूचना प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर लटकलेली असते. तरीही आग विझविणारेच त्यातून वर गेले. यावर ‘प्रशिक्षण कमी पडले’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मजल्याचा नकाशा, वीज तोडण्याची जागा आणि जिन्याची स्थिती जर फाटकावरच हाती पडत नसेल, तर प्रशिक्षित माणूसही घाईत जवळची वाट धरतो. मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासात ९ मे २०१५ रोजी इमारतीचा भाग कोसळला. त्या आगीने संजय राणे आणि महेंद्र देसाई यांचा बळी घेतला. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर होरपळले आणि पुढे रुग्णालयात त्यांनी प्राण सोडले. हे दलातील सर्वांत अनुभवी अधिकारी होते. त्यांना आग समजत नव्हती असे कोण म्हणेल? प्रश्न इमारतीचा होता. ती किती वेळ तग धरील हे सांगणारा कागद त्यांच्या हाती कोणी ठेवला होता का?

प्रशिक्षणाच्या बाबतीत नागपूरचे स्थान देशात अनन्य आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूर येथे सुरू झाले आणि १९५७ साली नागपुरास आले. मिहानपासून काही मैलांवरच्या या केंद्रीय संस्थेत देशभरातील अधिकारी घडतात. परंतु ती मुख्यतः अधिकाऱ्यांची शाळा आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. नळीच्या टोकाशी उभा राहणारा फायरमन घडतो तो राज्याच्या केंद्रात, सहा महिन्यांच्या शिक्षणक्रमात. आणि कारखान्यांच्या फाटकांवरचा फायरमन पुष्कळदा घडतो तो ‘फायर अँड सेफ्टी’चा फलक लावलेल्या खासगी संस्थेत, बापाने कर्ज काढून भरलेल्या फीवर. विदर्भातील बेकारीने ही दुकाने भरभराटीस आणली आहेत. त्यांतील काही प्रामाणिक असतीलही. पण १२ जुलै २०१८ रोजी कोईमतूरजवळच्या एका महाविद्यालयात आपत्ती-सरावाच्या नावाखाली वरच्या मजल्यावरून खाली ढकलली गेलेली विद्यार्थिनी सज्ज्यावर आदळून मरण पावली, आणि ज्या राष्ट्रीय प्राधिकरणाचे नाव तो प्रशिक्षक सांगत होता त्याने त्याच्याशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले. प्रशिक्षण कोण देतो हे पाहणारा कोणी नसेल तर प्रशिक्षणच जीव घेते.

खरे प्रशिक्षण म्हणजे काय, याची कल्पना सामान्य कार्यकर्त्यालाही असावी. पाठीवरच्या श्वसनयंत्रातील हवा नावाला अर्धा-पाऊण तासाची. जिने चढताना आणि माणूस ओढताना ती त्याच्या कितीतरी आधी संपते. म्हणून आत जाणारे दोघांच्या जोडीने जातात, बाहेर एक जण फळ्यावर त्यांची नावे, आत गेल्याची वेळ आणि नळकांड्यातला दाब लिहून ठेवतो, आणि हवेची ठरलेली पातळी येताच माघार घेतली जाते, मग आग विझो वा न विझो. छताखाली साचलेला तप्त धूर एका क्षणात सारी खोली पेटवून देतो. तो क्षण जवळ आल्याच्या खुणा काळोखात, गुडघ्यांवर रांगत, त्वचेला ओळखाव्या लागतात. हे पुस्तकातून येत नाही. वर्षातून अनेकदा, खऱ्या उष्णतेत, जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली ते गिरवावे लागते. एप्रिलच्या सप्ताहात पाहुण्यांसमोर पत्र्याच्या पिंपात डिझेल पेटवून विझविणे हा देखावा झाला.

येथे कंत्राटी पद्धतीचा प्रश्न आडवा येतो. ज्याची नेमणूक अकरा महिन्यांची, त्याच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणावर कोणता कंत्राटदार खर्च करील? आणि जो फायरमन उद्याच्या नेमणुकीसाठी त्याच कंत्राटदाराच्या तोंडाकडे पाहतो, तो ‘आत जाणे धोक्याचे आहे, माघार घ्या’ असे आज कोणत्या बळावर म्हणेल? चीनमधील तियानजिन बंदरात १२ ऑगस्ट २०१५ रोजी रसायनांच्या गोदामात स्फोट झाला. मृत आणि बेपत्ता मिळून १७३ माणसे गेली. त्यांपैकी १०४ अग्निशामक होते आणि या १०४ पैकी बहुसंख्य सरकारी दलाचे नसून बंदराच्या स्वतःच्या पथकांतले, कंत्राटावर घेतलेले तरुण होते. गोदामात काय साठविले आहे याची नीट कल्पना नसताना ते तेथे गेले. पहिल्या दिवसांत त्यांचे आईबाप पत्रकार परिषदेच्या दारावर धडकले, कारण मृतांच्या हिशेबात त्यांची मुले धरलीच जात नव्हती. पुढे पंतप्रधानांना जाहीर करावे लागले की वीरांमध्ये आतले आणि बाहेरचे असा भेद नाही. स्वतःला श्रमिकांचे राज्य म्हणविणाऱ्या देशात मरणानंतर बरोबरी मिळावी म्हणून दारावर धडकावे लागले, यावर अधिक बोलण्याची गरज नाही.

काही मृत्यू तर मोजलेच जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाचा व्यवसाय हाच मानवात कर्करोग निर्माण करणारा म्हणून पहिल्या गटात नोंदविला. धुराने माखलेला तोच गणवेश घालून केंद्रात जेवायला बसणारा, तोच घरी धुवायला नेणारा फायरमन निवृत्तीनंतर खंगून मेला तर त्याचे नाव कोणत्या स्मारकावर कोरणार? अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमाने कर्तव्यावरील अग्निशामकांच्या मृत्यूंची चौकशी करून, कोणाचे नाव न घेता, कारणे आणि शिफारशी प्रसिद्ध केल्या. तेथे जवळजवळ निम्मे मृत्यू हृदयविकाराने झाल्याचे दिसून आले आणि नियमित वैद्यकीय तपासणीच्या मागणीला त्यामुळे आधार मिळाला. २०२५ साली तेथील सरकारने ती संस्थाच मोडकळीस आणणारी नोकरकपात जाहीर केली, ही गोष्टही लक्षात ठेवावी. भारतात अशी प्रत्येक मृत्यूची जाहीर चौकशी करणारी राष्ट्रीय यंत्रणा उभीच राहिलेली नाही. केंद्राने २०२३ साली राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. बंब आणि शिड्या हव्यातच. पण मागची माणसे कशाने मेली हे न लिहिता नवी शिडी कोणत्या भिंतीला लावणार?

कायद्याची बाजू अगदी रिकामी आहे असे नाही. मिहानसारख्या विशेष आर्थिक क्षेत्रात कामगार कायदे लागू नसतात असा समज मालकांनी पसरविला आणि कित्येक कार्यकर्त्यांनीही तो मान्य केला. तो खोटा आहे. २००५ च्या कायद्याच्या ४९ व्या कलमाने इतर केंद्रीय कायद्यांतून सवलत देण्याचा मार्ग ठेवला, परंतु कामगार संघटना, औद्योगिक विवाद, कामाच्या अटी आणि कामगार कल्याण यांसंबंधीचे कायदे त्या सवलतीतून स्पष्टपणे वगळले. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात धोकादायक उद्योगांविषयी नवे प्रकरण आले. मालकाने धोक्यांची माहिती कामगारांना, परिसरातील जनतेला आणि स्थानिक प्राधिकरणाला दिलीच पाहिजे, आणि समोर संकट दिसल्यास ते मालकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला आहे, असे त्यात म्हटले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी उतरल्या आहेत. (त्या संहितेने इतर किती हक्क पातळ केले, हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.) मात्र कारखान्याच्या कुंपणाबाहेरून, वर्दी मिळाल्यावर, बंबावर बसून येणारा फायरमन या हक्काच्या व्याख्येत कोठे बसतो? तो त्या कारखान्याचा कामगार नाही. माहिती प्राधिकरणाकडे जाते, म्हणजे बहुधा कपाटात जाते. कपाटापासून बंबापर्यंतचे अंतर कोणत्याही कायद्याने मोजलेले नाही.

तेव्हा काम याच ठिकाणी सुरू करावे लागेल, आणि त्यासाठी दिल्लीकडे पाहण्याची आवश्यकता नाही. मिहानमधील प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर साठ्याची यादी आणि आवाराचा नकाशा पेटीत ठेवलेला आहे का, तो केव्हा बदलला, हे पाहावे. तेथील फायरमन कोणाच्या पटावर आहेत, त्यांनी शेवटचा खऱ्या आगीतला सराव कोणत्या महिन्यात केला, एका पाळीत किती श्वसनयंत्रे आणि किती माणसे असतात, गणवेश कोठे धुतला जातो, हे त्यांनाच विचारावे. साहेबाला विचारून खरे उत्तर मिळणार नाही. विमानतळाचे, कारखान्यांचे आणि महानगरपालिकेचे अग्निशामक मिळून वर्षातून किती वेळा एकत्र सराव करतात, ही माहिती अर्जाने मागता येते. कंत्राटी फायरमनला संघटनेचे सभासदत्व देण्यास कायम कर्मचाऱ्यांच्या संघटना कचरतात; ती भिंत पाडण्याचे काम हिंद मजदूर सभेतील साथींनी अंगावर घ्यावे. खापरी आणि शिवणगावच्या ज्या घरांची शेते या प्रकल्पात गेली, त्यांतली मुले कोणाच्या फाटकावर कोणता गणवेश घालून उभी आहेत, याची यादी परिसरातील कार्यकर्त्यांनी येत्या १४ एप्रिलपूर्वी तयार करावी, आणि त्या दिवशी मानवंदना देण्यास येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती ती द्यावी.